टबाचा नळ: काय घ्यावा, कुठे बसवावा आणि भिंत बंद होण्याआधी काय मोजावं

बाथरूमचं काम निघालं की टाइल्सवर महिनाभर चर्चा होते, टबासाठी चार शोरूम पालथी घातली जातात. टब भरणारा नळ मात्र शेवटी, काउंटरपाशी उभ्या उभ्या ठरतो. "हा काळा छान दिसतोय" एवढ्यावर. घरी आणून बसवला की कळतं, पाणी टबाच्या काठावर पडतंय, किंवा टब भरेपर्यंत पाणी कोमट झालंय, किंवा नळ उघडायला पाण्यावरून ओणवं व्हावं लागतंय.

या प्रकारातून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: हा नळ सगळ्यात शेवटी निवडायचा, पण त्याची जागा त्याच्या आधी ठरवायची. क्रम असा: टब, पाणी, जागा, मग नळ. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी हाताशी काय हवं

कागद:
- टबाचा मापांसह आराखडा (कंपनीचा, विक्रेत्याने वहीत काढून दिलेला नव्हे)
- पसंत असलेल्या नळाचं माहितीपत्रक आणि बसवण्याची पुस्तिका
- गीझर किंवा बॉयलरची क्षमता सांगणारी पट्टी, नाहीतर तिचा फोटो

साहित्य: मोजपट्टी, लेव्हल, ओळंबा, १० लिटरची बादली, सेकंद दाखवणारं घड्याळ, पाण्यात चालणारा थर्मामीटर, मास्किंग टेप, मार्कर, पुठ्ठा.

पुठ्ठ्याला हसू नका, सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

१. टब नक्की करा, आणि माप कागदावरून घ्या

टब ठरल्याशिवाय नळाची दुकानं फिरू नका. टबाच्या आराखड्यातून चार गोष्टी काढायच्या: जमिनीपासून काठाची उंची, काठाची रुंदी, पाणी जाण्याचं भोक कुठे आहे, आणि ओव्हरफ्लोपर्यंत (जादा पाणी वाहून नेणाऱ्या वरच्या भोकापर्यंत) किती लिटर पाणी मावतं.

साध्या टबाची लांबी बहुधा १५०० ते १७०० मिमी आणि रुंदी ७०० ते ८०० मिमी असते. सुट्या, म्हणजे भिंतीला न टेकता उभ्या राहणाऱ्या, टबाचा काठ जमिनीपासून साधारण ५५० ते ६०० मिमीवर येतो. पण "साधारण" या शब्दावर भोक पाडायचं नसतं. माप तुमच्याच टबाचं हवं.

भोकाची जागा महत्त्वाची, कारण माणूस कुठे टेकून बसणार हे तिच्यावरून समजतं. भोक एका टोकाला असेल तर टेकायची बाजू दुसऱ्या टोकाला. भोक मधोमध असेल तर दोन्ही टोकांना टेकता येतं आणि नळ लांब बाजूच्या मध्यावर घ्यावा लागतो. असा मधल्या भोकाचा टब घेऊन नळ टोकाला लावला की टेकायची एक बाजू कायमची वाया जाते.

२. बादली घ्या, प्रवाह मोजा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी इथेच जन्माला येतात.

जिथे टब येणार, तिथल्या किंवा त्याच्या जवळच्या पाइपवर बादली लावा. नळाच्या तोंडाला जाळी असेल तर ती काढा. पूर्ण उघडा आणि १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ३० सेकंद लागले तर मिनिटाला २० लिटर, ६० लागले तर १० लिटर. थंड पाण्याचं वेगळं मोजा, गरम पाण्याचं वेगळं. मग घरातला आणखी एखादा नळ चालू ठेवून पुन्हा मोजा, कारण टब भरताना बाकीचं घर थांबून राहत नाही.

आता हिशेब. टबात १६० लिटर पाणी घ्यायचं असेल तर मिनिटाला २० लिटरने तो ८ मिनिटांत भरतो. मिनिटाला ८ लिटरने २० मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात आधी पडलेलं पाणी निवत जातं. बेसिनचा नळ मिनिटाला ५-८ लिटर देतो आणि त्याचं तेवढंच काम असतं. टबाच्या नळाकडून किमान १५, जमल्यास २० लिटरची अपेक्षा ठेवा.

दाबाचंही पाहा. उंचावरच्या टाकीतून पाणी येत असेल तर टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या १० मीटर वर असेल तेव्हा १ बार दाब मिळतो. टाकी ४ मीटर वर असेल तर ०.४ बार, आणि पाइपातल्या घर्षणाने त्यातूनही थोडा जातो. माहितीपत्रकात "किमान दाब" असा रकाना असतो. तिथे १ बार लिहिलं असेल आणि तुमच्याकडे ०.४ असेल, तर तो नळ कितीही देखणा असो, पुढे सरका. दुकानातल्या डेमोवर जाऊ नका. तिथे बहुधा पंप लावलेला असतो.

दाब कमी असेल तर वाटा तीन: पंप बसवा, टबापर्यंतचा पाइप अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंचाचा घ्या आणि वळणं कमी करा, किंवा रुंद मार्गाचा, दोन वेगळ्या मुठींचा नळ घ्या. एका दांड्याच्या नळात गरम आणि थंड पाणी एकाच छोट्या कार्ट्रिजमधून (पाणी उघड-बंद करणाऱ्या आतल्या भागातून) जातं, त्यामुळे कमी दाबाला तो बहुतेकदा जास्त अडवतो. पाऊण इंचाच्या पाइपचा निर्णय मात्र भिंत उघडी आहे तोवरच घेता येतो.

३. गरम पाणी पुरेल का?

आंघोळीचं पाणी ४० अंशांचं धरू. गीझरचं पाणी ६० अंश आणि थंड पाणी २५ अंश असेल, तर १६० लिटरमध्ये गरम पाण्याचा वाटा सुमारे ६९ लिटर येतो. थंड पाणी १५ अंशांवर गेलं की तोच वाटा ८९ लिटर होतो. शिवाय साठवणीच्या गीझरमधून गरम पाणी जाऊ लागलं की खालून थंड पाणी आत शिरतं, म्हणून टाकीवर लिहिलेले सगळे लिटर तुम्हाला ६० अंशांचे मिळत नाहीत.

थोडक्यात, २५ लिटरच्या गीझरवर टब फार तर एक तृतीयांश भरेल. मग लोक नळाला दोष देतात.

तात्काळ तापवणाऱ्या विजेच्या गीझरची गोष्ट आणखी कठीण. ३ किलोवॅटचा गीझर २५ अंशांचं पाणी ४० वर नेताना मिनिटाला ३ लिटरसुद्धा देऊ शकत नाही. त्याच्यावर टब भरायचा म्हणजे जवळपास तास. अशा वेळी मोठ्या प्रवाहाचा महागडा नळ घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आधी गीझर बदला.

पाण्याचा अंदाज बांधताना आणखी एक: टबाची लिटरमधली क्षमता बहुधा रिकाम्या टबाची असते. माणूस आत बसला की त्याच्या आकारमानाइतकं, म्हणजे ६०-७० लिटर, पाणी वर सरकतं. २३० लिटरच्या टबाला म्हणूनच १६०-१७० लिटर पुरतात.

४. प्रकार चार, त्यातला तुमचा कोणता

*भिंतीतला.* स्पाउट (पाणी पडणारी तोटी) आणि मुठी भिंतीवर, पाइप आत. टब भिंतीलगत असेल तर मी डोळे झाकून हाच सुचवेन. काठ मोकळा राहतो, पुसायला सोपा, आणि मुठी स्पाउटपासून लांब, हाताला येईल तिथे नेता येतात. यात दोन उपप्रकार. एकात मिक्सरचं (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचं) शरीर भिंतीबाहेर दिसतं, दुसऱ्यात आत पुरलेलं असतं. बाहेरचा दिसायला जरा जुनाट, पण बिघडला तर पान्याने काढून नवा लावता येतो. अशा मिक्सरच्या दोन पाइपांच्या मध्यांमधलं प्रचलित अंतर १५० मिमी असतं, त्यामुळे पुढे दुसऱ्या कंपनीचाही बसतो. पुरलेल्या प्रकारात तुम्ही त्या कंपनीशी बांधले जाता. सुटे भाग मिळत राहतील का, हे विचारूनच घ्या.

*काठावरचा.* टबाच्या काठातच भोकं पाडून बसवलेला. काठ पुरेसा रुंद आणि सपाट हवा, आणि खाली पाइपांपर्यंत हात पोचायला झडप, म्हणजे उघडता येणारं छोटं दार, हवी. झडप ठेवायला कोणालाच आवडत नाही, "शो जातो" म्हणतात. गळती झाली की तीच मंडळी टबाची बाजू फोडतात. अ‍ॅक्रिलिक टबाला जागेवर भोक पाडता येतं, पण कंपनीची परवानगी पाहा, नाहीतर वॉरंटी जाते. इनॅमल चढवलेल्या ओतीव लोखंडी टबाला जागेवर भोक पाडायच्या फंदात पडू नका, इनॅमलचे टवके उडतात.

*जमिनीवर उभा.* मधोमध ठेवलेल्या टबाशेजारी उभा राहणारा खांब. फोटोत सगळ्यात सुंदर दिसतो, आणि चुकला तर सगळ्यात जास्त खर्चात पाडतो. त्याचा पाया फरशीखाली बोल्टने घट्ट बांधावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत खांब डुलू लागतो. पायासाठी लागणारी खोली फरशीखालच्या थरात मिळते का ते आधी पाहा. त्यासाठी स्लॅब खोदू देऊ नका. पाइप जिथून वर येतात तिथे वॉटरप्रूफिंगचा थर फुटतो, तो नीट बंद झालाय हे स्वतः पाहिल्याशिवाय फरशी घालू देऊ नका. टब खरंच खोलीच्या मध्यात असेल तरच हा घ्या.

*ओव्हरफ्लोमधून भरणारा.* स्पाउट दिसतच नाही, पाणी ओव्हरफ्लोच्या चकतीतून येतं. कमी जागेत छान, आवाजही कमी. पण त्याचं तोंड टबाच्या काठाखाली असतं, म्हणून पाणी उलटं जाऊ नये याची वेगळी सोय लागते. ती काय, ते पुढच्या पायरीत.

सोबत हँड शॉवर हवाच, निदान टब धुवायला तरी. त्यासाठी पाणी वळवणारा डायव्हर्टर येतो. कमी दाब असेल तर ओढून वर करायची गुंडी नको, कारण दाब उतरला की ती आपोआप खाली पडते. फिरवून जागेवर राहणारा डायव्हर्टर घ्या.

५. जागा: पोच, उंची आणि हात

*पोच.* पाणी काठाच्या आत किमान ५०-६० मिमी पडायला हवं. उदाहरण घ्या: टब भिंतीपासून १२० मिमी दूर, काठ ३० मिमी रुंद. म्हणजे आतली कड भिंतीपासून १५० मिमीवर. त्यात ६० मिळवा, स्पाउटची पोच २१० मिमी हवी. १७० मिमीचा स्पाउट इथे टबाची कड भिजवत बसेल.

इथे एक फसगत होते. काही माहितीपत्रकांत भिंतीपासून स्पाउटच्या टोकापर्यंतचं माप असतं, काहींत पाणी पडतं त्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं. तुम्हाला दुसरं हवं. आराखड्यातला बाण कुठे टेकलाय ते बघून घ्या. आणि ते माप पूर्ण झालेल्या भिंतीपासून आहे, उघड्या विटांपासून नाही.

सुट्या टबाच्या बाजू वर फाकलेल्या असतात. त्यामुळे उभ्या नळाचं अंतर टबाच्या तळापासून मोजलं तर खांब काठाला टेकतो. अंतर नेहमी काठापासून मोजा, आणि खांब व टब यांच्यात फडकं घेऊन हात जाईल एवढी फट ठेवा.

*उंची.* स्पाउटचं तोंड काठाच्या वर असलं पाहिजे, आणि हा शोभेचा प्रश्न नाही. पाणीपुरवठ्याचा दाब अचानक गेला तर बुडालेल्या नळातून टबातलं साबणाचं पाणी पाइपात ओढलं जाऊ शकतं. म्हणून हवेची फट ठेवतात. प्लंबिंगमधला सर्वसाधारण दंडक असा: तोंडाच्या आतल्या व्यासाच्या किमान दुप्पट, आणि भिंत अगदी जवळ असेल तर तिप्पट. २० मिमी तोंडाला म्हणजे ४० ते ६० मिमी. हाताला, बादलीला जागा मिळावी म्हणून मी १०० मिमीच्या आसपास ठेवायला सांगेन. त्याहून फार वर नेलं तर शिंतोडे आणि आवाज दोन्ही वाढतात. काठ ५८० मिमीवर असेल तर तोंड ६८०, आणि भिंतीतलं भोक त्याहून वर किंवा तेवढंच, स्पाउटच्या आकाराप्रमाणे. भोकाची उंची आणि तोंडाची उंची एक नव्हे, हे मिस्त्रीला दोनदा सांगा.

हँड शॉवरची नळी टबात पडून राहते आणि ओव्हरफ्लोतल्या नळाचं तोंड खालीच असतं. या दोन्हींना हवेची फट मिळत नाही, म्हणून तिथे पाणी एकाच दिशेने सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. ओव्हरफ्लोतल्या नळाला कंपनीच्या पुस्तिकेत आणखी काही सांगितलं असेल तर तेही बसवा.

*हात.* मुठी टबाबाहेर उभं राहून, बाही न भिजवता उघडता आल्या पाहिजेत, कारण पाणी हाताला लावून बघितल्यावरच आपण आत शिरतो. त्याच मुठी आत बसूनही जेमतेम गाठता आल्या तर उत्तम. आणि ज्या बाजूने पाय आत टाकता त्या बाजूला स्पाउट नको. घसरताना हात आपसूक त्यालाच धरतो, आणि स्पाउट हा काही धरायचा दांडा नाही. दांडा वेगळा लावा.

आता पुठ्ठा. स्पाउटचा आकार खऱ्या मापात कापा, टब जागेवर कोरडा ठेवा, भिंतीवर टेपने पुठ्ठा चिकटवा आणि टबात बसा. कपड्यांसकट. टेका, उठा, उजवा पाय बाहेर काढा, डावा काढा. गुडघा, खांदा, डोकं कुठे लागतं का? घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात लहान माणसालाही बसवा. मग भिंतीवर मार्करने खूण करा.

६. भिंतीच्या आतलं काम

पुरलेल्या मिक्सरवर प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्यावर किमान-कमाल अशा खुणा असतात. तयार भिंतीचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. तयार म्हणजे गिलावा, चिकटवायचा मसाला आणि टाइल धरून. टाइल बदलली, जाड आली, की हा हिशेब बदलतो. मिक्सर फार आत गेला तर मूठ बसत नाही, फार बाहेर राहिला तर चकती आणि टाइलमध्ये फट दिसते.

गरम पाणी डावीकडे, ही जगभरची रूढी आहे. टब समोरासमोरच्या भिंतींवर असलेल्या दोन बाथरूममध्ये पाइप आरशातल्यासारखे उलटे निघतात, तेव्हा नेमकी इथे गल्लत होते.

भिंत बंद करण्याआधी पाइपांना बूच लावून दाबाची चाचणी घ्या आणि दाब उतरत नाही हे पाहा. मोजपट्टी पाइपाला लावून फोटो काढा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून. उद्या टॉवेलचा दांडा लावताना हे फोटो तुम्हाला वाचवतील. टबासाठी वेगळे स्टॉप कॉक (पाइपातलं पाणी बंद करायचे नळ) घ्या, दोन्ही पाइपांना, आणि पोचता येतील असे.

७. आता नळ घ्या

शरीर पितळेचं असावं. आत सिरॅमिक डिस्क असलेली कार्ट्रिज, आणि तिचा सुटा भाग मिळण्याची खात्री. पाणी जड असेल, म्हणजे पांढरे डाग पडत असतील, तर मॅट काळा रंग टाळा, त्यावर प्रत्येक थेंब दिसतो. क्रोम जुनाच, पण सगळ्यात कमी त्रास देतो.

रुंद धबधब्यासारखा स्पाउट मोहक असतो. त्याला प्रवाह भरपूर लागतो. दुसऱ्या पायरीत १५ लिटरच्या खाली आकडा आला असेल तर पाणी पट्टीसारखं न पडता ओठावरून ओघळत मागे येतं.

घरात लहान मुलं किंवा वृद्ध असतील तर थर्मोस्टॅटचा, म्हणजे पाण्याचं तापमान आपोआप राखणारा, मिक्सर घ्या, यावर मी वाद घालणार नाही. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत त्वचा भाजतं. बहुतेक थर्मोस्टॅटला ३८ अंशांवर अटकाव असतो, त्यापुढे जायला बटण दाबावं लागतं. पण त्यालाही दोन्ही बाजूंनी पुरेसा आणि साधारण सारखा दाब लागतो. थंड पाणी पंपाचं आणि गरम पाणी टाकीचं असेल तर आधी ते जुळवून घ्या.

८. बसवल्यावर

कार्ट्रिज आणि जाळी लावण्याआधी पाइपातून पाणी सोडून कचरा काढा. सिमेंटचा एक खडा नव्या कार्ट्रिजची वाट लावायला पुरतो.

मग टब पूर्ण भरा आणि पाच गोष्टी तपासा: किती मिनिटं लागली, पाणी कुठे पडतं, शिंतोडे किती, शेवटी तापमान काय, आणि नळ पूर्ण उघडा असताना ओव्हरफ्लो तेवढं पाणी वाहून नेतो का. शेवटच्याचं उत्तर बऱ्याचदा "नाही" असं येतं, कारण जोरदार नळ ओव्हरफ्लोला हरवतो. तसं असेल तर टब भरताना खोलीबाहेर जायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

टब आणि भिंत यांच्यातल्या फटीत सिलिकॉन भरायचं ते टब पाण्याने भरलेला असतानाच. दीडशे-दोनशे किलो पाण्याच्या वजनाने अ‍ॅक्रिलिक टब थोडा खाली बसतो. रिकाम्या टबाला लावलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला ताणून सुटतं. भरलेल्या टबाला लावा, पाकिटावर सांगितलेला वेळ वाळू द्या, मग पाणी सोडा. आठवडाभराने झडपेतून आत टॉर्च मारून सगळे सांधे एकदा बोटाने चाचपून बघा, ओल लागली तर प्लंबरला उरलेले पैसे देण्याआधी बोलवा.